तयार कुर्त्यातून मावळ्याचा अंगरखा: घेर आणि आडवा पदर कुठून काढायचा?

सुईदोरा, भुसावळ

तिसरीतल्या मुलाला गॅदरिंगमध्ये मावळा करायचाय, पोवाड्यावरचा नाच आहे. भाड्याने मिळणारे पोशाख सॅटिनचे, चमचम करणारे असतात, ते नकोत. नवीन ताग्यातलं कापड आणून कापायला हात धजत नाही. म्हणून बाजारातला तयार पांढरा सुती कुर्ता घेऊन त्याचाच अंगरखा करावा असं ठरवलंय. पायमशीन आहे, सरळ शिलाई येते, अख्खा कपडा कधी शिवलेला नाही.

मापं: उंची ५० इंच, छाती २५, कंबर साडेतेवीस, खांदा साडेअकरा, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत ३०, डोक्याचा घेर साडेवीस.

तीन ठिकाणी अडलंय. मुलाच्या मापाचा कुर्ता घेतला तर त्याला घेर नसतो, आणि घेरासाठी मोठा घेतला तर खांदे कोपरापर्यंत उतरतात. दुसरं, अंगरख्याला छातीवरून आडवा जाणारा पदर असतो, पण कुर्त्याला तर मधोमध बटणपट्टी. तिसरं, डोक्याचं. दहा दिवस हातात आहेत.

---

काजबटण, जळगाव

ताई, एका कुर्त्यात दोन्ही बसवायला जाऊ नका, तिथेच सगळे फसतात. मोठा कुर्ता लहान करायचा म्हणजे गळा, खांदा, मुंढा (बाही जोडतात ती गोल कड), बाही सगळं उसवून पुन्हा बसवायचं. ते काम नवीन कपडा शिवण्यापेक्षा किचकट. दोन कुर्ते घ्या. एक मुलाच्या मापाचा, त्याचं फक्त वरचं अंग वापरायचं. दुसरा मोठ्या माणसाचा, ४४ नंबरचा, त्यातून घेर, पदर आणि कळ्या (घेर वाढवणारे त्रिकोणी तुकडे) काढायच्या. मोठा कुर्ता म्हणजे शिवलेलं कापडच समजा, आणि त्याच्या खालच्या काठाची दुमड आयती मिळते हा फायदा वेगळा. घरात जुना असेल तर तोच घ्या, पण काखेत विरलेला नको.

लहान कुर्ता घेताना वयाचा नंबर बघू नका, टेप लावा. कुर्ता सपाट पसरून काखेखाली साडेचौदा ते पंधरा इंच भरला पाहिजे, म्हणजे पूर्ण छाती २९-३०. हा अंगरखा डोक्यातून घालायचा आहे, कंबरेची शिलाई बंदच राहणार, त्यामुळे २९ च्या खाली गेलात तर खांद्यावरून उतरणार नाही. गॅदरिंग रात्री असेल तर आपल्याकडे जानेवारीत चांगलीच थंडी असते, आत थर्मल घालून माप घ्या आणि ३१ धरा.

दोन्ही कुर्ते रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा, मगच खडू लावा. कोरं सुती कापड पहिल्या पाण्यात आटतं, ३० इंचांत इंचभर सहज जातं. आणि दोन कुर्ते सारखे आटत नाहीत. न धुता शिवलंत तर पहिल्याच धुण्यानंतर कंबरेच्या शिलाईवर चोळामोळा दिसेल आणि तो इस्त्रीने जात नाही.

आता क्रमाने.

लहान कुर्ता मुलाला घाला, बेंबीच्या इंचभर वर नाडी बांधा, नाडीच्या रेषेवर खडूने खुणा करा. अंगरख्याची कंबर जरा वरच बसते, ती खाली घेतली तर पोरगं बुटकं दिसतं. खांद्यापासून साधारण साडेबारा इंचांवर ही रेषा येईल. मागे रेषेच्या अर्धा इंच खाली कापा, पुढे मात्र एक इंच खाली. हा जादा अर्धा इंच का, ते पुढे घेर लावताना कळेल. बटणपट्टी तशीच राहू द्या, डोकं घालायला ती लागणारच आहे. फक्त बटणं काढून त्या जागी दोन चपटे टिचबटण लावा, नाहीतर पदराखाली टेंगळं दिसतात.

पदरासाठी आधी वर्तमानपत्राचा कागद. कापलेलं अंग पलंगावर पसरा, पुढची बाजू वर. कागद त्यावर ठेवून उजव्या खांद्याची शिवण, उजवा मुंढा, उजवी बाजू आणि पूर्ण कंबररेषा उतरवून घ्या. मग गळा आणि उजवा खांदा जिथे भेटतात तिथून एक रेषा डाव्या काखेच्या अडीच इंच खाली नेऊन सोडा. ही रेषा सरळ पट्टीने मारू नका. गळ्याजवळ तीनेक इंच गोलाई, मग तिरपी. तिथून डाव्या बाजूने खाली कंबरेपर्यंत. चारही बाजूंनी अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईत जाणारं जादा कापड. हा कागद मोठ्या कुर्त्याच्या पाठीवर बसतो, कारण पाठीला पट्टी नसते आणि रुंदी २४ इंच मिळते. काखेच्या खालच्या भागात कागदाचा रुंद भाग आला पाहिजे.

कापण्याआधी एक खबरदारी. पांढऱ्या सुती कापडाला उलटसुलट कळत नाही. कागद पालथा पडला तर पदर आरशातला कापला जातो आणि तो खांद्यावर लावेपर्यंत लक्षात येत नाही. कागदावर वरच्या बाजूला मोठी फुली मारा, कापडावरही खडूने फुली. डावी-उजवी म्हणजे घालणाऱ्याची, समोरून बघणाऱ्याची नव्हे.

पदराची तिरपी कड ही सगळ्यात दगाबाज. तिरकं कापलेलं कापड हाताळता हाताळता ताणतं, आणि मग छातीवर पिशवीसारखं सुटून राहतं. म्हणून कापल्याबरोबर, इस्त्रीच्याही आधी, कडेपासून पाव इंचावर एक साधी शिलाई मारून घ्या. मग उरेपपट्टीचा, म्हणजे तिरक्या कापलेल्या पट्टीचा, गोट लावून कड बांधा. पट्टी सव्वा इंच रुंद, तयारही मिळते. कड सोळा इंच असेल तर पट्टी साडेपंधरा घ्या आणि लावताना पट्टी हलकेच ताणा, पदर नाही. त्या अर्ध्या इंचाने कड अंगाला धरून बसते.

पदर अंगावर ठेवून उजवा खांदा, उजवा मुंढा, उजवी बाजू टाचणीने धरा, धावदोरा घाला, मग मशीन. तयार कुर्त्याची बाही उसवायची गरज नाही, पदराची मुंढ्याकडची माया आत दुमडून मुंढ्याच्या शिवणीला लागून वरून शिलाई मारा. पांढऱ्यावर पांढरी शिलाई, रंगमंचावर कोणाला दिसते? खालची कड कंबरेच्या शिलाईत जाईल. डावी तिरपी कड मोकळी, तिथे बांधायला बंद, म्हणजे फितीच्या नाड्या.

घेर: मोठ्या कुर्त्याचा खालचा भाग काठापासून १८ इंच मोजून सरळ कापा. हा पट्टा ५० ते ५२ इंच घेराचा भरतो, वरच्या अंगाची कंबर ३०, म्हणजे पावणेदोन पट. नाचासाठी हे जरा कमीच. गिरकी घेतली की घेर उडला पाहिजे. कुर्त्याला दोन्ही बाजूंनी जे कट असतात ते शिवून बंद करू नका, त्यातच कळ्या बसवा. मोठ्या बाह्या उसवून सपाट करा, प्रत्येकीतून एक त्रिकोण: उंची कटाएवढी अधिक एक इंच, म्हणजे १४ ते १५, खाली रुंदी ९, वर टोक. शिवल्यावर प्रत्येक कळी आठेक इंच घेर देते, खालचा घेर ६६ ते ६८ वर जातो आणि कंबरेत चुण्यांची गर्दी होत नाही.

कळी बसवताना कटाच्या वरच्या टोकापासून खाली या, दोन्ही बाजूंनी. काठापासून वर शिवत गेलात तर सगळं जास्तीचं कापड टोकाला गोळा होतं आणि तिथे उंदराचं शेपूट निघतं. टोकावर पहिले तीन-चार टाके हाताने चाक फिरवून घ्या.

चुण्यांना टाका सगळ्यात मोठा करा, वरच्या दोऱ्याचा ताण ढिला, आणि दोन समांतर शिलाया मारा, एक पाव इंचावर, एक पाऊण इंचावर. एकच शिलाई मारली की चुण्या आडव्या झोपतात. ५० इंच एका दमात ओढू नका, दोरा तुटतो. बाजूच्या शिवणीपासून बाजूच्या शिवणीपर्यंत असे दोन तुकडे. घेराचे आणि कंबरेचे चार-चार भाग करून खुणा जुळवा, बॉबिनचा दोरा ओढा, टाचण्या लावा, आणि दोन्ही शिलायांच्या मधून, अर्ध्या इंचावर, पक्की शिलाई. शिवताना चुण्यांची बाजू वर ठेवा, म्हणजे एखादी चुणी दुमडून अडकली तर दिसते. मग खालची मोठी शिलाई ओढून काढा.

या थरांमधून सुई १६ नंबरची. बाकी सगळीकडे १४ पुरते. पायमशीनला कंबरेच्या शिवणीवर बाजूच्या जाड जोडापाशी जोर लागतो, तिथे पायाने न रेटता हाताने चाक फिरवा, सुई वाचेल.

---

उरेप, धुळे

वरचं सगळं बरोबर, पण एक मुद्दा. असा घेरदार अंगरखा सरदारा-मानकऱ्याला शोभतो. मावळा म्हणजे कष्टकरी शिपाईगडी. त्याला बाराबंदी जास्त खरी वाटते: कंबरेखाली चार-पाच इंच, घेर नाही, पुढून पूर्ण उघडी, सहा जोड्या बंद. बारा बंद म्हणूनच बाराबंदी. शिवायलाही निम्मं काम.

ती करायची तर दोन कुर्त्यांची गरज नाही. मुलाचा एकच कुर्ता घ्या, छाती ३२, बटणपट्टी पूर्ण कापून टाका आणि मध्यरेषा काठापर्यंत फाडा. खांद्यापासून १७ इंचांवर आडवा कापा. खाली जे कापड उरतं त्यातून पाच इंच रुंदीची पट्टी काढून उजव्या पुढच्या भागाला जोडा, म्हणजे तो डावीकडे सरकतो. पट्टी कापून गेली तिथली गळ्याची कड गोटाने बांधून घ्या. बंद अर्ध्या इंची पांढऱ्या सुती फितीचे, प्रत्येकी ९ इंच. फितीचं टोक अर्धा इंच दुमडून चौकोनात फुली अशी शिलाई. नुसती एक आडवी ओळ मारली तर पहिल्या जोराच्या गाठीला बंद हातात येतो, आणि गाठ मारणारे हात गॅदरिंगच्या दिवशी घाईतले असतात.

बंद कोणत्या बाजूला, यावर: जुन्या चित्रांत हिंदू सरदारांच्या जाम्याचे बंद डाव्या काखेखाली, मुसलमान सरदारांचे उजव्या काखेखाली दिसतात. तेव्हा उजवा पदर वर आणि गाठ डाव्या काखेत, हे काजबटण यांनी सांगितलेलं बरोबर आहे. भाड्याच्या पोशाखांत नेमकं हेच उलटं असतं कधीकधी.

कापडाबद्दल. दुकानात ‘प्युअर कॉटन’ म्हणून टेरीकॉटचा कुर्ता सर्रास गळ्यात मारतात. जळगावच्या फुले मार्केटला जा नाहीतर धुळ्याच्या पाचकंदीलला, आतल्या शिवणीतून कापडाचे दोन धागे उसवून काडीने पेटवून बघा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि मागे मऊ राख राहते. टेरीकॉट किंवा पॉलिस्टर आक्रसतं आणि टोकाला कडक मणी होतो. शिलाईचा दोरा पेटवून निष्कर्ष काढू नका, तो बहुतेक पॉलिस्टरचाच असतो.

हे का बघायचं, तर कोरा पांढरा रंगमंचावरच्या दिव्यात निळसर भगभगतो. मावळा परीटघडीचा नको. शिवून झालं की चहाच्या पाण्यात बुडवा: चार लिटर पाण्याला ४० ग्रॅम चहापूड, उकळा, गाळा, मूठभर मीठ, गॅस बंद. अंगरखा आधी साध्या पाण्यात पूर्ण ओला करून पिळा आणि मगच चहात घाला, सतत हलवत १५ ते २० मिनिटं. कोरडा टाकला की डाग पडतात, जिथे आधी पाणी लागलं तिथे गडद. ओला असताना रंग दिसतो त्यापेक्षा वाळल्यावर बराच फिका होतो, तेव्हा घाबरून लवकर बाहेर काढू नका. टेरीकॉट जेमतेम रंग घेतं, म्हणजे एक कुर्ता सुती आणि एक टेरीकॉट असेल तर अंग एका रंगाचं आणि घेर दुसऱ्या. पॉलिस्टर दोरा तर पांढराच राहतो, मळकट कापडावर शिलाया उठून दिसतात. शिवायला सुती दोरा वापरा किंवा आधी रंगवून मग बदामी दोऱ्याने शिवा. दुसरा मार्ग बरा.

---

सुईदोरा, भुसावळ

दोघांचेही आभार. घेराचाच करतेय, बाईंनी सगळ्यांना ‘गिरकी घेतल्यावर फुललं पाहिजे’ असं सांगितलंय. अंग, पदर, घेर झालं. आता दोन खोड्या. एक, शेला बांधला की पुढचा काठ मागच्यापेक्षा इंचभर वर उचलला जातो. दुसरी, तलवार उगारायला हात वर केला की सगळा अंगरखा हाताबरोबर वर येतो आणि कंबरेतून शेला सुटतो. आणि चुडीदार शिवू की तयार पायजमाच चालेल?

---

काजबटण, जळगाव

पुढचा काठ: मागे अर्धा आणि पुढे एक इंच खाली कापायला सांगितलं होतं, ते सारखंच कापलं गेलंय बहुतेक. पोटाच्या उंचवट्यावरून आणि पदराच्या जादा थरावरून कापड जास्त वाट चालतं, म्हणून पुढे उचलतं. आता सगळं उसवायचं नाही. कंबरेची शिलाई फक्त पुढे, एका बाजूच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत उसवा. घेराच्या वरच्या कडेला माया शिल्लक असेल तर तेवढी खाली सोडा. ती नसेल तर उलटं करा, मागचा घेर अर्धा इंच वर घ्या आणि पुढे शेला जरा सैल. काठ जमिनीपासून पट्टीने मोजा, मुलाला स्टुलावर उभं करून, आणि शेला बांधलेला असतानाच. शेल्याशिवाय मोजलेला काठ खोटा.

हात वर करण्याचं कारण शिवणीत आहे. तयार कुर्त्याचा मुंढा सैल आणि खोल असतो. मुंढा जितका खोल तितका हात उचलताना बाजू वर ओढली जाते. लोकांना वाटतं सैल केलं की हालचाल सोपी, इथे उलटं आहे. उपाय जुनाच, काखेत चौकोन. घेराच्या उरलेल्या कापडातून चार इंचांचे दोन चौकोन कापा, अर्धा इंच माया धरून ते तीनचे बसतात. काखेत चार शिवणी भेटतात तिथून बाजूची शिवण ३ इंच खाली उसवा आणि बाहीची आतली शिवण ३ इंच मनगटाकडे उसवा. उजव्या बाजूला पदराची शिवणही तेवढीच उसवावी लागेल. चौकोन त्या भगदाडात हिऱ्यासारखा उभा बसतो: एक कोपरा कंबरेकडे, एक मनगटाकडे, उरलेले दोन मुंढ्याच्या शिवणीवर, एक पुढे एक मागे.

बाजू एकेक करून शिवा, प्रत्येक कोपऱ्यावर अर्धा इंच आधी, बरोबर मायेच्या खुणेवर थांबा, सुई खाली ठेवून पाय उचला, कापड वळवा. कोपऱ्याच्या पुढे दोन टाके जरी गेले तरी तिथे चुणी राहते आणि कोपऱ्याआधी थांबलात तर भोक. चारही कोपऱ्यांवर पेन्सिलचा ठिपका देऊन ठेवा. पहिला चौकोन तासभर खाईल, दुसरा पंधरा मिनिटं. काय भो, इतलं सोपं काम शे, असं दुसऱ्यानंतर म्हणाल.

खाली तयार पायजमा घ्या. चुडीदार तिरक्या कापडाची असते म्हणून गुडघ्यात वाकते. सरळ कापडाचा पायजमा चुडीदारसारखा घट्ट केलात तर मावळा गुडघा टेकून मुजरा करायला बसला की मागून टर्रकन. गुडघ्यापर्यंत हात लावू नका, खालून निमुळता करा. पायाच्या तोंडाशी किती ठेवायचं ते घोट्याचं माप घेऊन नाही ठरत, टाच आणि पावलाचा वरचा भाग धरून तिरपा घेर मोजा. या वयाला तो साधारण साडेदहा ते अकरा भरतो, त्यावर अर्धा इंच सोडा. पोटरीवर सुती पट्टी गुंडाळली की झालं, त्याने दिसतंही शिपायासारखं.

---

पागोटं, चोपडा

डोक्याचं कोणी सांगितलं नाही म्हणून.

तयार मिळणाऱ्या पुठ्ठ्याच्या पगड्या नाचात पहिल्या गिरकीला उडतात. मऊ सुती टोपी घ्या, कानटोपीसारखी गोल, डोक्याला बसणारी. बाजारातली लाल किंवा भगवी सुती ओढणी अडीच मीटर लांब, ३६ इंच रुंद असते. ती उभी मधोमध फाडा, १८ इंची दोन पट्टे, टोकाला टोक जोडून पाच मीटर. मुलाच्या डोक्याला एक फेरा पीळ धरून २३-२४ इंच खातो, म्हणजे आठ फेरे मिळतात. पुष्कळ झाले.

टोपी मुलाच्या डोक्यावर नाही, उलट्या पातेल्यावर किंवा साडेवीस इंच घेराच्या डब्यावर चढवा. मुलगा तासभर मान ताठ ठेवून बसणार नाही. पट्ट्याला हलका पीळ देत गुंडाळा, प्रत्येक फेऱ्याला चार ठिकाणी, कपाळ, दोन्ही कान, मागे, टोपीपर्यंत सुई आत घालून टाका घ्या. दाभण नको, लांब हातसुई पुरते. फेरे एकमेकांना शिवून टोपीला शिवले नाहीत तर पागोटं टोपीवरून आख्खं निसटतं. शेवटचं टोक मागे वीतभर मोकळं सोडा. सुती ओढणीच घ्या, शिफॉन आणि जॉर्जेट घसरतं, पीळ धरत नाही. कपाळाशी आतून पातळ फोमची पट्टी चिकटवण्याऐवजी शिवा, घामाने गोंद सुटतो.

लाल ओढणी आधी मिठाच्या पाण्यात भिजवून पाणी रंगतं का बघा. रंग सोडत असेल तर घामाने कपाळावरून ओघळ पांढऱ्या अंगरख्यावर येईल. शिवजयंतीच्या, म्हणजे १९ फेब्रुवारीच्या मिरवणुकीला हाच पोशाख वापरणार असाल तर हे नक्की करा, तोवर आपल्याकडे दुपारचं ऊन लागायला लागलेलं असतं.

शेल्याला दुसरी ओढणी उभी चार पदरी घडी घालून. कंबरेला दोन वेढे, गाठ डावीकडे. घडी जागेवर राहावी म्हणून आतून हातभर लांब धावदोरा, आणि पाठीमागे अंगरख्याच्या कंबरशिलाईला दोन लुप शिवा, शेला त्यातून ओवायचा. सेफ्टीपिन नाचात उघडते.

---

धावदोरा, नंदुरबार

विषयाला थोडं सोडून. माझ्या भाचीच्या वर्गात शिरीषकुमारचा, १९४२ च्या नंदुरबारच्या गोळीबारात हुतात्मा झालेल्या मुलाचा, प्रवेश आहे. मुलगा पाचवीतला. तयार कपड्यातून होईल ना? सदरा, टोपी, हातात झेंडा एवढंच.

---

उरेप, धुळे

सहज. पांढरा सुती पूर्ण बाहीचा तयार शर्ट घ्या, शाळेच्या गणवेशाचा नको, त्याच्या खिशावर बिल्ल्याच्या शिलाईची भोकं राहतात. कॉलरला आत फ्यूजिंगचा कडक थर असतो, त्यामुळे तो आजचा वाटतो. कॉलर पट्टीपासून वरचं पान उसवून काढा आणि पट्टीची मोकळी तोंडं आत दुमडून शिवून घ्या, उभ्या पट्टीचा सदरा तयार. प्लास्टिकची चमकती बटणं काढून कापडाने मढवलेली लावा. टोपी तयार मिळते, डोक्याचा घेर मोजून त्याच मापाची घ्या, मोठी घेऊन मागे टाचू नका, टोक वाकडं होतं.

शिवण्यापेक्षा झेंड्याकडे लक्ष द्या, चूक तिथे होते. नंदुरबारचा गोळीबार ९ सप्टेंबर १९४२ चा. तेव्हा तिरंग्याच्या मधल्या पट्ट्यात चरखा होता. अशोकचक्राचा झेंडा संविधान सभेने २२ जुलै १९४७ ला स्वीकारला. म्हणजे दुकानातला आजचा झेंडा त्या मुलाच्या हातात देऊ नका, तीन सुती पट्टे सारख्या रुंदीचे जोडा आणि चरखा निळ्या कापडाचा कापून दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूला लावला तर मागून शिलाईची नुसती बाह्यरेषा दिसते. दोन्ही चरख्यांची बाह्यरेषा टाचणीने जुळवून एकाच शिलाईत बसवा.

---

सुईदोरा, भुसावळ

चौकोन बसले. पहिल्याला खरंच तास लागला, एका कोपऱ्यात भोक राहिलं होतं ते हाताने बुजवलं. हात पूर्ण वर जातो, शेला हलत नाही. पुढचा काठ मागून वर घेऊन जुळवला. एकच राहिलं: पदराखाली डाव्या बाजूने कुर्त्याचा मूळ गळा आणि बटणपट्टीचं टोक डोकावतं. आणि चहाचा रंग आता दिला तर चालेल ना, शिवून झाल्यावर?

---

काजबटण, जळगाव

गळा डोकावतो कारण पदराची गोलाई मूळ गळ्यापेक्षा खोल कापली गेली. पदराला हात लावू नका. मूळ कुर्त्याची उभी पट्टी उसवून काढा, गळा पदराच्या गोलाईपेक्षा पाव इंच आत येईल असा डाव्या बाजूला खोल करा आणि त्याच गोटाच्या पट्टीने बांधा. दोन्ही कडा एका रंगाच्या दिसल्या की मुद्दाम केल्यासारखं वाटतं. टिचबटण वरचं एक खाली सरकवावं लागेल. गळा खोल केल्यावर डोकं तसंही सहज जातं.

रंग शिवल्यावर देता येईल, पण गोट रंगीत लावला असेल तर आधी त्याचा एक तुकडा गरम चहात पाच मिनिटं टाकून बघा. सुटला तर अख्खा अंगरखा गुलाबी. दोरा पॉलिस्टरचा वापरला असेल तर फक्त घेराच्या काठाची आणि बंदांची शिलाई दिसेल, ती बदामी दोऱ्याने वरून पुन्हा मारा, बाकीची चुण्यांत लपते.

आणि रंग दिल्यावर पिळू नका, चुण्यांत घड्यांच्या रेषा पक्क्या होतात. हँगरवर नको, ओल्या घेराचं वजन कंबरेची शिलाई ओढतं. दोरीवर कंबरेपाशी आडवा टाका, सावलीत. इस्त्री घेराच्या आतून, चुण्यांमध्ये टोक घालत, कंबरेच्या शिलाईवर सपाट दाबायची नाही. गॅदरिंगच्या दिवशी भरीत-पुरीचा बेत असेल तर पोराला आधी जेवायला घाला आणि अंगरखा मग.